जड झाकणाला गॅस स्ट्रटचा आधार : निवड, हिशेब आणि सुरक्षितता

मोटारीची डिकी उघडताना हाताला फारसे वजन जाणवत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना गॅस स्ट्रट बसवलेले असतात. नौकाबांधणीतही हाच उपाय वापरला जातो. डेकवरील जड झाकण एका माणसाला एका हाताने उघडता यावे आणि उघडल्यावर ते बोटांवर आदळू नये, एवढीच तेथील अपेक्षा असते. समुद्रापासून दूर आणि सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या आनेकल तालुक्यात नौका नाहीत, पण शेतावरील जड झाकणे पुष्कळ आहेत. बंगळूरूच्या दक्षिणेकडील या पट्ट्यात नाचणीबरोबर फुले आणि भाजीपाला पिकतो. शेतमाल वाळवण्याची काचेच्या झाकणाची सौर पेटी, पशुखाद्याची कोठी, पाण्याच्या टाकीचे पत्र्याचे झाकण या सर्वांना नौकेच्या झाकणाचेच गणित लागू पडते.

सौर पेटीतील माल दिवसातून अनेकदा परतावा लागतो आणि हे काम बहुधा महिलांच्या वाट्याला येते. प्रत्येक वेळी कमरेत वाकून झाकण उचलायचे आणि एका हाताने ते तोलून धरत दुसऱ्या हाताने माल परतायचा, ही रीत कष्टाची आणि धोक्याची आहे. गॅस स्ट्रटची योग्य निवड हे कष्ट मोठ्या प्रमाणात कमी करते. निवड चुकल्यास मात्र झाकण एकतर बंद राहत नाही, नाहीतर उघडे राहत नाही.

गॅस स्ट्रट कसा काम करतो?

बंद नळकांड्यात उच्च दाबाचा नायट्रोजन वायू आणि थोडे तेल भरलेले असते. त्यातून एक गुळगुळीत दांडा आतबाहेर सरकतो. आतील दाब गुणिले दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, एवढ्या बलाने दांडा बाहेर ढकलला जातो. ८ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर असतो. अशा स्ट्रटने ४०० न्यूटन बल द्यायचे असेल, तर आतील दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट असावा लागतो. म्हणूनच स्ट्रटला कधीही छिद्र पाडू नये, त्याजवळ वेल्डिंग करू नये आणि निकामी झालेला स्ट्रट आगीत टाकू नये.

स्ट्रटवर छापलेले बल दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचे असते. दांडा आत गेला की वायू दाबला जाऊन बल वाढते. ही वाढ स्ट्रटच्या रचनेनुसार बदलते. येथे हिशेबासाठी ती २५ टक्के धरली आहे.

आधी मोजमाप, मग खरेदी

झाकणाचे वजन, बिजागरीपासून गुरुत्वमध्याचे अंतर आणि उघडण्याचा कोन या तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. उदाहरणादाखल २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद झाकण घेऊ. ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला १० किलो भरते. म्हणजे काच २४ किलो आणि लोखंडी चौकट ११ किलो धरल्यास एकूण वजन ३५ किलो होते. एका किलोला ढोबळमानाने १० न्यूटन धरल्यास भार ३५० न्यूटन येतो. बिजागरी लांब बाजूला असेल तर गुरुत्वमध्य तिच्यापासून ०.६ मीटरवर येतो. भार आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण, अर्थात झाकण खाली फिरवू पाहणारा जोर. आडव्या झाकणासाठी तो २१० न्यूटन-मीटर आहे. स्ट्रट नसताना पुढची कड उचलण्यास १७५ न्यूटन, म्हणजे साडेसतरा किलोंचा जोर लागतो.

झाकण वर जाते तसा हा जोर घटतो. ७० अंशांवर तो सुमारे ७२ न्यूटन-मीटर एवढाच उरतो.

जागेवरच सारे अवलंबून

त्याच स्ट्रटचा परिणाम तो कोठे बसवला यावरून बदलतो. स्ट्रटच्या रेषेचे बिजागरीपासूनचे लंब अंतर जितके अधिक, तितका त्याचा उचलण्याचा जोर अधिक. आपल्या उदाहरणात वरचे टोक झाकणावर बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर घेऊ. खालचे टोक पेटीच्या बाजूवर, बिजागरीपासून १० सेंटिमीटर पुढे आणि १२ सेंटिमीटर खाली घेऊ. झाकण बंद असताना दोन टोकांतील अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर आणि ७० अंशांवर सुमारे ५० सेंटिमीटर येते. म्हणून ५० सेंटिमीटर पूर्ण लांबीचा आणि २० सेंटिमीटर सरक असलेला स्ट्रट येथे बसतो. स्ट्रटचे लंब अंतर बंद स्थितीत १५ सेंटिमीटर आणि उघड्या स्थितीत ११ सेंटिमीटर असते.

दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४०० न्यूटनचे दोन स्ट्रट घेतल्यास पुढील चित्र दिसते.

• उघड्या स्थितीत : ८०० न्यूटन गुणिले ०.११ मीटर, म्हणजे ८८ न्यूटन-मीटर. गरज ७२ ची असल्याने झाकण वर टिकते आणि काही राखीव जोरही उरतो.

• बंद स्थितीत : वाढलेले बल १००० न्यूटन गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे १५० न्यूटन-मीटर. झाकणाचा जोर २१० असल्याने ते स्वतःच्या वजनाने बंद राहते. कडेला उरलेला जोर सुमारे ५० न्यूटन, म्हणजे पाच किलो असतो.

साडेसतरा किलोंऐवजी पाच किलो, हा या निवडीचा लाभ. मात्र या मांडणीत झाकण सुमारे ६० अंशांच्या पुढे गेल्यावरच स्वतःहून वर राहते. ते अर्धवट उघडे सोडून पेटीत हात घालू नये.

हाच सांगाडा उताराच्या पेटीला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. सौर पेटीला स्थानिक अक्षांशाएवढा उतार देण्याची पद्धत आहे आणि आनेकलसाठी तो सुमारे १३ अंश येतो. उंच कडेला बिजागरी असलेले असे झाकण पेटीपासून ७० अंश उघडले तरी जमिनीशी त्याचा कोन ५७ अंशच होतो. तेव्हा झाकणाचा जोर ११४ न्यूटन-मीटर असतो. स्ट्रटचे ८८ न्यूटन-मीटर त्याला अपुरे पडतात आणि झाकण खाली येते. म्हणून हिशेबात नेहमी जमिनीशी होणारा कोन धरावा.

उष्णता, वारा आणि खारी हवा

तापमान १० अंशांनी वाढले की वायूचे बल सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. स्ट्रटचे छापील बल २० अंश सेल्सिअसचे असते. पेटी तापून स्ट्रट ६० अंशांपर्यंत गेला, तर बल सुमारे १४ टक्क्यांनी वाढेल. आपल्या उदाहरणात बंद स्थितीतील जोर तेव्हा सुमारे १७० होईल, म्हणजे २१० पेक्षा कमीच राहील. तरीही स्ट्रट पेटीच्या बाहेरील बाजूस बसवणे हितावह. थंडीतील पहाटे, १५ अंशांवर, घट दोन टक्क्यांहून कमी असते. आनेकलच्या उंचीचा परिणाम जवळजवळ शून्य आहे, कारण वातावरणाचा दाब थोडा कमी झाल्याने बलात अर्धा-पाऊण न्यूटनचाच फरक पडतो.

वाऱ्याची बाब गंभीर आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागात सायंकाळी वादळी पाऊस येतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा उघड्या झाकणावर मागून आदळला, तर २.४ चौरस मीटर क्षेत्रावर सुमारे १४४ न्यूटन बल पडते. त्याचा आघूर्ण ८६ न्यूटन-मीटर होतो, तर स्ट्रटकडे राखीव जोर केवळ १६ आहे. काचेचे झाकण क्षणात कोसळू शकते. डोलणाऱ्या नौकेवरही हाच धोका असतो. गॅस स्ट्रट उचलण्यास मदत करतो, तो कुलूप नव्हे. त्यामुळे उघड्या झाकणाला लोखंडी टेकू आणि बंद झाकणाला कडी या दोन्ही गोष्टी अनिवार्य समजाव्यात. दोनपैकी एक स्ट्रट निकामी झाला, तरी टेकूच जीव वाचवतो.

कोकणातील मासेमारी नौकेवर हेच स्ट्रट वापरायचे झाल्यास खाऱ्या हवेमुळे साधे पोलाद लवकर गंजते. तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील निवडावे. आनेकलच्या कोरड्या शेतावर एवढ्या खर्चाची गरज नाही, पण खत आणि औषधे यांच्या साठ्याजवळील झाकणांबाबत हाच सावधपणा ठेवावा.

बसवताना आणि नंतर

१. दांडा खाली आणि नळकांडे वर राहील असा स्ट्रट बसवावा. त्यामुळे तेल सीलला ओले ठेवते आणि झाकण उघडताना शेवटी धक्का बसत नाही.

२. दोन्ही टोकांना गोलक सांधे वापरावेत. दांड्यावर आडवा ताण आल्यास सील लवकर फाटते.

३. दांड्याला रंग देऊ नये, ग्रीस लावू नये, पकडीने धरू नये. एक ओरखडाही गळतीस पुरेसा असतो.

४. पट्टी पातळ पत्र्यावर न बसवता चौकटीवर बसवावी. शेकडो न्यूटनचे बल तिच्यावर सतत असते.

५. स्ट्रट बदलताना आधी झाकणाला भक्कम टेकू द्यावा आणि दोन्ही स्ट्रट एकाच वेळी बदलावेत.

वर्षानुवर्षांच्या वापरात वायू हळूहळू कमी होतो. पूर्वी वर टिकणारे झाकण खाली सरकू लागले की बदलण्याची वेळ आली असे समजावे. तालुक्यातील बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात फॅब्रिकेशनची कामे होतात, तर मोटारींच्या सुट्या भागांसाठी बंगळूरूचा जे. सी. रोड प्रसिद्ध आहे. तेथे जाताना जुना स्ट्रट नमुना म्हणून नेण्यापेक्षा झाकणाचे वजन, दोन टोकांची अंतरे आणि उघडण्याचा कोन कागदावर लिहून न्यावा. वजनकाटा, मोजपट्टी आणि अर्ध्या तासाचा हिशेब एवढ्या भांडवलावर रोजच्या वापरातील झाकण हलके आणि सुरक्षित करता येते.