हौसेचा ब्राउझर, महिन्याचा रतीब

जयपूरच्या डेटा एक्सजेन टेक्नॉलॉजीज या कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डेटामेल’ सुरू केलं. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांत ईमेलचा पत्ता देणारी ही सेवा. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, राजस्थान सरकारने नागरिकांना ‘राजस्थान.भारत’ने संपणारे हिंदी पत्ते द्यायला सुरुवात केली. तांत्रिक पाया तयारच होता. अशा ईमेल पत्त्यांचे आंतरराष्ट्रीय नियम फेब्रुवारी २०१२ मध्ये ठरले होते आणि ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुलं झालं होतं.

तरी हा पत्ता घेऊन एखाद्या संकेतस्थळावर नोंदणी करायला गेलं, की ईमेलच्या रकान्यातच गाडी अडायची. वेबपानांची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या प्रमाणकाने या रकान्यासाठी घातलेल्या नियमात ‘@’च्या आधी फक्त रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं बसत, आणि ब्राउझर तो नियम इमानाने पाळत. ‘राजस्थान.भारत’चं पडद्याआड रोमन संकेतात रूपांतर होतं, म्हणून ते चालतं. म्हणजे राज्याचं नाव पुढे जाई आणि माणसाचं अडून राही. पत्ता जयपुरात तयार झाला होता, पण तो स्वीकारायचा की नाही हे ठरवणारा कोड दुसऱ्यांच्या हातात होता.

हा कोड निदान वाचायला आणि बदलायला मिळतो, याचं श्रेय एका व्यापारी पराभवाला आहे. मायक्रोसॉफ्टपुढे मागे पडलेल्या नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला. त्यातून मोझिला उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. पुढच्याच वर्षी मोझिला फाउंडेशनने ब्राउझर, मेल आणि पानं लिहिण्याचं साधन एकत्र असलेला आपला जुना संच पुढे न नेण्याचं जाहीर केलं. ज्यांना तो हवा होता त्या स्वयंसेवकांनी कोड उचलला आणि जानेवारी २००६ मध्ये ‘सीमंकी’ या नावाने पहिली आवृत्ती काढली. २००९ मध्ये फायरफॉक्सच्या कोडवरून बांधलेला ‘पेल मून’ आला. २०११ मध्ये ॲलेक्स कोन्टोस या सोळा वर्षांच्या मुलाने ६४-बिट संगणकांसाठी फायरफॉक्सचा कोड वेगळा बांधून ‘वॉटरफॉक्स’ सुरू केला.

असं बिल्ड, म्हणजे कोडपासून बांधलेला चालता ब्राउझर, घरच्या संगणकावर करता येतं. फायरफॉक्ससाठी मोझिला किमान ३० जीबी मोकळी जागा आणि शक्यतो ८ जीबी रॅम सांगते. क्रोमच्या मुळाशी असलेल्या गूगलच्या खुल्या क्रोमियमला सुमारे १०० जीबी जागा लागते. बांधून झालं तरी नाव मात्र आपलं आपण शोधायचं. परवाना कोडचा मिळतो, ‘फायरफॉक्स’ हे व्यापारचिन्ह त्यात येत नाही. आपल्या दुरुस्त्या करून फायरफॉक्स वाटणाऱ्या डेबियन या लिनक्स प्रकल्पालाही २००६ मध्ये हे नाव सोडावं लागलं. पुढची दहा वर्षं त्यांच्याकडे तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ म्हणून नांदला.

खरा कस लागतो तो पहिलं बिल्ड झाल्यावर. फायरफॉक्स आणि क्रोम यांच्या नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येतात आणि त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. कोड खुला असल्याने कोणतं भोक बुजवलं हे हल्लेखोरालाही वाचता येतं. त्यामुळे ज्या हौशी ब्राउझरमध्ये ती दुरुस्ती उशिरा पोचते, त्याच्या वापरकर्त्यांची दारं तेवढे दिवस उघडी राहतात. दुधाच्या रतिबासारखं हे काम आहे, त्यात खाडा चालत नाही. पेल मूनने २०१६ मध्ये ‘गोआना’ हे पानं दाखवणारं स्वतःचं इंजिन वेगळं काढलं आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये टाकून दिलेली जुनी ॲड-ऑन पद्धत जपली. पण मूळ कोडपासून जितकं लांब जावं, तितकी प्रत्येक दुरुस्ती हाताने बेतून बसवावी लागते. वॉटरफॉक्स मध्यंतरी एका जाहिरात कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. आंद्रेयास क्लिंग यांनी छंद म्हणून सुरू केलेल्या ‘लेडीबर्ड’ या ब्राउझरचं इंजिन दुसऱ्या कोणत्याही ब्राउझरच्या कोडवर उभं नाही. त्यालाही २०२४ मध्ये ना-नफा संस्था काढून पगारी अभियंते नेमावे लागले.

भारतात बंगळुरूच्या ‘एपिक’ने २०१० मध्ये मोझिलाच्या कोडवर भारतीय भाषांची सोय असलेला ब्राउझर काढला आणि २०१३ मध्ये क्रोमियमचा पाया धरला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये देशी ब्राउझरसाठी स्पर्धा लावली. एकूण बक्षीस ३.४१ कोटी रुपयांचं होतं आणि मार्च २०२५ मध्ये पहिला क्रमांक झोहो या कंपनीला मिळाला. झोहोचा ‘उला’ ब्राउझरही क्रोमियमवरच उभा आहे. यात कमीपणा काही नाही. शून्यातून इंजिन बांधणं मोठमोठ्या कंपन्यांनीही सोडून दिलं आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं इंजिन बाजूला ठेवून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर बांधलेला ‘एज’ ब्राउझर आणला.

मग हौशी प्रोग्रामरने हात घालावा कुठे? उत्तराचा एक धागा पुण्यात सापडतो. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या काळात लिनक्सवर देवनागरी मोडकी दिसायची. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. फेडोरासारख्या लिनक्सवाल्यांनी ‘पँगो’ ही अक्षरजुळणीची लायब्ररी जोडून वेगळं बिल्ड दिलं, तेव्हा मराठी पान वाचण्याजोगं झालं. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ फॉन्टांची देखभाल पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, ही काळजी मराठी वाचणाऱ्यालाच आधी वाटणार.

आज अक्षरजुळणीचं हे काम ‘हार्फबझ’ ही खुली लायब्ररी करते आणि ती फायरफॉक्स व क्रोम दोघांतही आहे. तिथे स्वीकारलेली एक दुरुस्ती दोन्ही ब्राउझरांत उतरते, आणि पुढचा रतीब त्यांचे पगारी संघ घालतात. तोच बदल फक्त आपल्या ब्राउझरमध्ये केला, तर तो आपल्या मोजक्या वापरकर्त्यांपुरता राहतो आणि दर महिन्याला आपल्यालाच नव्याने बसवावा लागतो.

म्हणून घरी केलेल्या बिल्डचं मोल त्याच्या लोगोवर ठरू नये. त्याने कोडशी ओळख होते, दुरुस्ती तपासायला जागा मिळते, आणि प्रमाणक ठरवणाऱ्यांपुढे चालतं उदाहरण ठेवता येतं. ईमेलच्या रकान्यासारखा नियम असाच बदलू शकतो: प्रमाणकात सूचना, सोबत चाचण्या, आणि देवनागरी नाव स्वीकारणारं एक बिल्ड. स्वतःचा ब्राउझर जन्मभर सांभाळण्याची ताकद फार थोड्या गटांत असते. सगळ्यांच्या ब्राउझरमधली एक ओळ बदलायला मात्र जयपूरचा किंवा पुण्याचा चार जणांचा गटही पुरतो.