जुन्या लुगड्याचा मास्क

मार्च-एप्रिल म्हणजे हिंगोली जिल्ह्यात हळदीचा हंगाम. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरू लागली की पिवळी धूळ उडते आणि जवळ उभा असलेला माणूस नाकातोंडावर दस्ती बांधतो. त्यामुळे २०२० साली कोरोनाच्या साथीत सरकारने तोंड झाका म्हटलं, तेव्हा वसमत-कळमनुरीकडच्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न वेगळाच होता. कापड कोणतं घ्यायचं, किती पदरी आणि शिवायचं कसं?

बाजारात मास्क मिळत नव्हते. केंद्र सरकारने १३ मार्चला ते जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले, आठवडाभराने तीन पदरी मास्कची किंमत १० रुपयांवर बांधून दिली, तरी टंचाई हटेना. जे होते त्यांवर पहिला हक्क दवाखान्यातल्या डॉक्टर-परिचारिकांचा. मग ३१ मार्चला केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरीच मास्क शिवण्याची पुस्तिका काढली. टाळेबंदीत कापडाची दुकानं बंद असल्यामुळे सगळी भिस्त घरातल्या ट्रंकेवर होती.

पुस्तिकेतलं माप सोपं होतं: मोठ्यांसाठी ९ बाय ७ इंच, मुलांसाठी ७ बाय ५. दुपदरी सुती कापड, आडव्या तीन चुण्या आणि बांधायला कापडाचेच बंद. या चुण्या शोभेच्या नाहीत. त्या उलगडल्या की कापड नाकापासून हनुवटीखालपर्यंत पोचतं आणि बोलताना घसरत नाही. ज्यांच्याकडे शिलाई मशीन नव्हतं, त्यांच्यासाठी घडी घातलेला रुमाल आणि दोन रबरबँड एवढ्यावर भागवायची रीतही त्यात होती.

कापड निवडण्यातच खरं कसब. सुती लुगडं, धोतर, उशीचा अभ्रा चालतो. पण विरलेलं कापड नको. उजेडासमोर धरून पलीकडचं दिसलं तर ते बाद. विषाणू कापडाच्या भोकांपेक्षा कितीतरी लहान, मग कापड अडवणार काय, ही शंका तेव्हा सर्रास ऐकू यायची. कापड चाळणीसारखं काम करत नाही. श्वासाबरोबर येणारे थेंब आणि कण वळणावळणाने जाताना धाग्यांवर आदळतात आणि तिथेच चिकटतात. म्हणून वीण घट्ट हवी आणि पदर जास्त हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला तीन पदर सुचवले: आत पाणी शोषणारं सुती, बाहेर ओल न धरणारं कापड. इलॅस्टिक मिळेना तेव्हा परकराची नाडी उपयोगी पडली, किंवा जुन्या बनियनची पट्टी. ती ताणली की गोल वळते आणि कानाला काचत नाही.

मात्र कापडाइतकंच महत्त्व चेहऱ्याला नीट बसण्याला आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच वर्षी वेगवेगळी कापडं तपासली, तेव्हा उत्तम कापडाचाही उपयोग कडेच्या फटीमुळे निम्म्याहून अधिक घटल्याचं दिसलं. आणि नाकाखाली ओढलेला मास्क म्हणजे तर सगळीच फट.

एप्रिलअखेर मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान हिंगोलीत बाधित निघाले आणि हा आजार मोठ्या शहरांचा उरला नाही. तोवर राज्यभर सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या आणि ‘माविम’ महामंडळाच्या बचत गटांतल्या बाया मास्क शिवायला बसल्या होत्या. हाताला दुसरं काम नसताना त्यातून चार पैसेही मिळाले. शिंपी घराण्यातल्या संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात. सुईदोऱ्याची थोरवी या मातीला नवी नाही, पण घरोघरच्या मशीनवर झालेल्या या कामाची नोंद नीट ठेवली गेली नाही, याची मला खंत वाटते.

मास्क धुण्याबाबत हयगय फार झाली. साबण आणि गरम पाण्याने धुऊन पाच तास कडक उन्हात वाळवा, किंवा मीठ घातलेल्या पाण्यात कुकरमध्ये किमान १० मिनिटं उकळा, असं पुस्तिका सांगत होती. अनेकांनी तो खिशात कोंबला आणि आठवडाभर तोच वापरला.

कापडी मास्कने किती फायदा झाला? बांगलादेशातल्या ६०० गावांत झालेल्या मोठ्या अभ्यासात सर्जिकल मास्कचा फायदा स्पष्ट दिसला. कापडी मास्कचा तितका ठामपणे सिद्ध झाला नाही. तेव्हा सर्जिकल मास्क मिळत असेल तर तोच घ्यावा. पण २०२० च्या एप्रिलमध्ये पर्याय कापडी मास्क की काहीच नाही, असा होता, आणि त्या वेळी घरातल्या बाईने मशीनवर बसून घेतलेला निर्णय बरोबरच होता.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातली मास्कसक्ती संपली. मास्कची गरज मात्र संपलेली नाही. हळदीच्या पॉलिशवर काम करणाऱ्यांनी दस्तीवर न थांबता एन-९५ वापरावा, बारीक धूळ तोच नीट अडवतो. आणि घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्याच्या तोंडाला मास्क बांधा आणि त्याला सरकारी दवाखान्यात न्या. क्षयरोगाची थुंकी तपासणी आणि उपचार तिथे मोफत होतात.