पियानो आणि दहा बाय दहाची खोली

कल्याणच्या कोळसेवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पियानो मावत नाही. मैफिलीचा मोठा पियानो सुमारे ९ फूट लांब आणि जवळजवळ ५०० किलो वजनाचा असतो. मग या वाद्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. एखाद्या कलेत आपली माणसे दिसली नाहीत की ‘त्यांच्यात ती प्रतिभाच नाही’ असा निर्वाळा दिला जातो. म्हणून कलावंत घडतो कसा आणि त्या घडणीचा खर्च कोण सोसतो, हे तपासणे आपले काम आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा पियानोवादक साधारणतः पाच-सहा वर्षांचा असताना शिकू लागतो. वाद्याला ८८ पट्ट्या असतात. दोन हातांचे स्वर वेगवेगळे लिहिलेले असतात. ते एकाच वेळी वाचून वाजवायचे. दहा-बारा वर्षे रोज कित्येक तास रियाज करून बाख, बेथोव्हेन, शोपँ यांच्या रचना हातात बसवाव्या लागतात. मुंबईत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणींच्या परीक्षा देता येतात. पण तेवढ्याने मैफिलीचा वादक होत नाही. सतरा-अठराव्या वर्षी परदेशी संगीत महाविद्यालयाची प्रवेशचाचणी, मग स्पर्धा. वॉर्सा येथे १९२७ पासून होणाऱ्या शोपँ स्पर्धेत तिशी उलटलेल्याला प्रवेश नाही. बालपणी गमावलेली वर्षे पुढे भरून निघत नाहीत.

ही वर्षे काहींना घरातच मिळतात. मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला. त्यांचे पुत्र झुबिन १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले आणि जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झाले. त्यांचे कर्तृत्व मोठेच. पण त्यांच्या कानावर सिंफनी पाळण्यातच पडली होती.

काहींना ती संस्थेमुळे मिळतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून गावातल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. धर्म बदलला तरी जात चर्चच्या दारात गळून पडली नाही, हे खरे. तरीही याच परंपरेतून मुंबईच्या चित्रपटसंगीताला वादक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांपैकीच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोन्साल्विसांनी १९५८ साली भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. गावात शाळा होती म्हणून वादक घडले.

आणि दार बंद झाले तर? अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ट्रायन गावी १९३३ साली युनिस वेमन ही काळी मुलगी जन्मली. आई धर्मोपदेशक होती आणि गोऱ्यांच्या घरी कामही करी. त्या घरच्या बाईने मुलीच्या शिकवणीचे पैसे भरले. पुढे गावात निधी जमला. लहानपणीच्या एका कार्यक्रमात आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवले, तेव्हा त्यांना परत पुढे बसवल्याशिवाय वाजवणार नाही, असे तिने सांगितले. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. तिथले शिक्षण विनाशुल्क होते. गरिबाला तोच एक मार्ग होता. आपला रंग आड आला, असे ती अखेरपर्यंत मानत होती. संस्थेने ते मान्य केले नाही. कर्टिसमधून १९४५ साली जॉर्ज वॉकर हा काळा वादक पदवीधर झाला होता, हेही नोंदवले पाहिजे. पण एकाला दार उघडले म्हणून ते सर्वांना उघडे होते, असे ठरत नाही. युनिस दारूच्या गुत्त्यात वाजवू लागली आणि नीना सिमोन या नावाने जगाला ठाऊक झाली. २००३ साली, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, कर्टिसने तिला मानद पदवी दिली.

आपल्या वस्तीत पियानो नाही, पेटी आहे. तिच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच. आकाशवाणीने १९४० साली या पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. त्याच काळात आंबेडकरी जलशांनी याच पेटीवर माणसे जागी केली. सुरांची जाण आपल्याकडे होतीच. उणीव होती ती रियाजाच्या जागेची, शिक्षकाच्या फीची आणि निश्चिंत बालपणाची.

मुलांच्या शिक्षणासाठी आपण मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालवली आहेत. समाजमंदिरातली एक खोली संध्याकाळी मोकळी ठेवणे, तिथे एक जुना पियानो किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणणे, मुलामुलींना पाळीपाळीने तास देणे, शिक्षकाची फी वर्गणीतून भरणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. त्यातून कोणी वॉर्साला जाईल की नाही, हा पुढचा प्रश्न. आज पहिला धडा घेणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला बसायला जागा हवी.