गाळा वाढला, वायरींचं काय?

बोईसरलगतच्या बेटेगावात एखादा जॉबवर्कवाला वाढतो तेव्हा शेठ शेजारचा गाळा घेतात, मशीन घेतात, माणसं घेतात. नेटवर्क मात्र साचत जातं. सुरुवातीला इंटरनेटवाल्याचा राउटर आणि टॅलीचा कॉम्प्युटर एवढंच असतं. मग कॅमेरेवाला डीव्हीआर जोडून जातो, हजेरीचं बोटाचं मशीन येतं, डिझाइनच्या टेबलापासून सीएनसीपर्यंत केबल लोंबकळू लागते. वाय-फायचा पासवर्ड टेम्पोच्या ड्रायव्हरलाही पाठ असतो.

आणि हे सगळं एकाच जाळ्यात! मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम पसरला तो अशाच जाळ्यांतून. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या दोषाचा फायदा घेत तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात होता; कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती.

उपाय कळायला दूर जायला नको. तारापूरचं अणुवीज केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनलाही ऑक्टोबर २०१९ मध्ये मालवेअर सापडल्याचं कबूल करावं लागलं. चर्चा कुडनकुळमच्या अणुवीज प्रकल्पाची होती. आदल्या दिवशी प्रकल्पाने इन्कारही केला होता. पण कॉर्पोरेशनच्या खुलाशातली कामाची गोष्ट वेगळीच होती: लागण झालेला कॉम्प्युटर प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या नेटवर्कवर होता आणि महत्त्वाचं अंतर्गत नेटवर्क त्यापासून तोडलेलं होतं.

गाळ्यातही हेच करता येतं. साध्या स्विचऐवजी मॅनेज्ड स्विच घेतला की त्याच डब्यात व्हीलॅन, म्हणजे वेगवेगळी जाळी, पाडता येतात: हिशेब एकीकडे, मशीन दुसरीकडे, कॅमेरे तिसरीकडे, पाहुण्यांचं वाय-फाय चौथीकडे. मध्ये फायरवॉल. त्यात आधी सगळं बंद करायचं आणि मग लागेल तेवढंच उघडायचं. सीएनसीला फक्त डिझाइनचा कॉम्प्युटर दिसला म्हणजे पुरे, इंटरनेट कशाला? त्यातही कंट्रोलर जुन्या विंडोजवर असेल तर त्याला नवे अपडेट मिळत नाहीत, त्याला वेगळं ठेवणं हाच इलाज. शेठना घरबसल्या कॅमेरे बघायचे असतात, तिथे माझा हात जरा आखडता आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआरच तर लाखोंनी ताब्यात घेतले होते.

म्हणून खरेदीआधी कोणाला कोणाशी बोलायचंय हे एका कागदावर लिहावं. विक्रेता हे विचारत नाही, थेट मॉडेल सांगतो.

फायरवॉलच्या नोंदीही जपायच्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्या १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारचा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. लहान उद्योगही त्यातून सुटलेले नाहीत.

राहिला बॅकअप. यूएसबीची डिस्क कायम टोचून ठेवली तर खंडणीखोर प्रोग्राम टॅलीसोबत तीही कुलूपबंद करतो. डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि अधूनमधून तिच्यातला डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून मार्चअखेरची शिल्लक जुळते का, हे अकाउंटंटकडून बघून घ्यावं.