बांधीतली चूक टेबलावर सुधारत नाही

जर्नलकडून संशोधनाचा पेपर परत आला की पहिलं बोट इंग्रजीकडे जातं. आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या धानपट्ट्यातून कृषी शिक्षणाला गेलेल्या मुलामुलींच्या मनात हे घट्ट बसलं आहे. कुणाकडून तरी भाषा तपासून घेतली जाते आणि तोच पेपर दुसऱ्या जर्नलला जातो. तिथूनही तो परत येतो. सदोष भाषेनं काम अडतं हे खरं, पण भाषा दुरुस्त करता येते. रोवणीच्या वेळी राहून गेलेली चूक डिसेंबरात टेबलावर बसून दुरुस्त होत नाही.

समजा, पट्टा पद्धतीची रोवणी आणि नेहमीची रोवणी यांची तुलना करायची आहे. एका बांधीत पट्टा, शेजारच्या बांधीत नेहमीची रोवणी. पट्ट्याला एकरी तीन क्विंटल जास्त झाले. बांधी मोठी घेतली म्हणजे पुरावाही मोठा, असं अनेकांना वाटतं. पण उतारावरच्या बांध्या पायऱ्यांसारख्या असतात. वरच्या बांधीतलं पाणी आणि त्याबरोबर आलेला गाळ खालच्या बांधीत उतरतो. मग ते तीन क्विंटल पट्ट्याचे की बांधीचे? त्याच बांधीत वीस ठिकाणी चौकट टाकून कापणी केली तरी उत्तर मिळत नाही, कारण वीसही मापं एकाच बांधीची आहेत.

यावरचा उपाय साधा आहे. एकेक बांधी हा एकेक गट धरायचा. प्रत्येक बांधीत दोन्ही पद्धतींचे प्लॉट ठेवायचे आणि कोणता प्लॉट कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. असे जितके गट, तितकी रेप्लिकेशन. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला शंभर वर्षांपूर्वी ही रीत बसवली. भारतीय शेतीसाठी तिचं पुस्तक लिहिलं वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ते १९५४ साली प्रकाशित केलं. आजही आपल्या पेपरांच्या संदर्भसूचीत ही जोडी दिसते. पण अनेकांना ते पुस्तक आठवतं ते सूची लिहिताना, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते वाचायचं असतं पऱ्हे टाकण्याआधी.

‘सांख्यिकी नंतर कुणाकडून तरी करून घेऊ’ हा समजही याच घरातला. एकरी तीन क्विंटलचा फरक दिसला आणि सीडी, म्हणजे क्रांतिक फरक, चार क्विंटल निघाला, तर एक पद्धत सरस ठरली असं लिहिता येत नाही. त्यावर लगेच ‘मग पेपर वाया गेला’ असं म्हणायचंही कारण नाही. आखणी चोख असेल तर ‘फरक सिद्ध झाला नाही’ हीसुद्धा माहितीच आहे. महागडी फवारणी करूनही उत्पादन वाढलं नाही, हे शेतकऱ्याला कळायला हवंच.

उत्पादनाचा आकडाही वाटतो तितका सरळ नाही. बांधावर आपण ‘एकरी अठरा क्विंटल’ म्हणतो. पेपरात तो हेक्टरी साधारण ४४.५ क्विंटल होतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वजन केलं तेव्हा धानात ओलावा किती होता? धानाचं उत्पादन सहसा १४ टक्के ओलाव्यावर आणून सांगतात. ओलावा २० टक्के असताना भरलेले १०० किलो धान त्या हिशेबानं ९३ किलोच ठरतं. एक प्लॉट मळणीच्याच दिवशी तोलला आणि दुसरा चार दिवस उन्हात वाळवून, तर तुलना तिथंच बिघडली.

‘वाण सगळ्यांना माहीत आहे, नाव लिहिलं की झालं’ हा समज आमच्या भागात जास्तच घातक आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, वेगळ्या वाढवल्या. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून या धानाला एचएमटी हे नाव पडलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. पुढे दादाजींनी आणखीही वाण निवडले. २०१८ साली ते गेले. आज ‘एचएमटी’ एवढंच लिहिलं तर दूरच्या वाचकाला काय कळणार? शेतकऱ्याच्या घरचं बियाणं, प्रसारित वाण, की बाजारात त्या नावानं विकला जाणारा कुठलाही बारीक धान? बियाणं कुठून आणि कोणत्या हंगामातलं घेतलं, हे साहित्य व पद्धतीच्या भागात यायलाच हवं.

इथूनच श्रेयाचा प्रश्न निघतो. लेखकांच्या यादीत नाव घालणं हा मान देण्याचा प्रकार नाही. प्रयोगाची कल्पना, आखणी, नोंदी किंवा विश्लेषण यांत ज्याचा खरा वाटा आहे, ज्यानं मसुदा वाचला आहे आणि त्याची जबाबदारी घेतली आहे, तो लेखक. केवळ पदामुळे कुणी लेखक होत नाही. ज्याच्या बांधीत प्रयोग झाला त्या शेतकऱ्याचे आभार त्याच्या संमतीनं, नावानिशी मानावेत. आणि प्रयोगामागचं निरीक्षणच त्याचं असेल तर सहलेखक म्हणून त्याचा विचार झालाच पाहिजे.

पैसे भरले की पेपर छापतात, हा समज फसव्या जर्नलांच्या धंद्यानं पसरवला आहे. काही चांगली जर्नलंही शुल्क घेतात, म्हणून शुल्क हा दोष नव्हे. पण धानापासून दंतवैद्यकापर्यंत सगळं स्वीकारणारं, दोन दिवसांत छापण्याची हमी देणारं जर्नल तुमचा पेपर वाचतच नाही. तिथं एकदा छापलेलं काम पुन्हा चांगल्या जर्नलला पाठवता येत नाही. एकाच वेळी दोन जर्नलांना पेपर पाठवणंही नियमबाह्य आहे.

आणि रिव्ह्यूअरचे दोन पानं भरून शेरे आले म्हणून खचू नका. सुधारणा मागणारं पत्र हा नकार नव्हे. प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर लिहायचं, बदल कोणत्या ओळीत केला ते दाखवायचं, पटलं नाही तिथं कारण द्यायचं. रोवणीची तारीख, पऱ्ह्यांचं वय, पावसाचा खंड किती दिवसांचा, गादमाशीचे पोंगे कधी मोजले, असे प्रश्न त्यात हमखास असतात. त्यांची उत्तरं चिखलाचे डाग पडलेल्या नोंदवहीतच सापडतात. ती वही पेपर छापून आल्यावरही फेकू नका.