अर्जावरील चेहरा आणि सही

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. मुलगा अभ्यासू, वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारे. दोन वर्षें रात्री जागून त्यानें एका भरतीपरीक्षेची तयारी केली होती. परंतु परीक्षेस बसण्याचा प्रसंगच आला नाहीं. "सर, माझा अर्ज नामंजूर झाला," एवढेंच तो म्हणाला व हातांतील कागद त्यानें माझ्यापुढें केला. सहीच्या जागीं एक करड्या रंगाचा चौकोन होता आणि त्याच्या मध्यभागीं मुंगीएवढा काळा डाग. ती त्याची सही होती! शेवटच्या रात्रीं तालुक्याच्या एका दुकानांत, मागें रांग खोळंबली असतां, कोणीतरी घाईनें ती चढविली होती. उत्तरें येत असूनहि केवळ एका चित्रापायीं त्या मुलाचें वर्ष गेलें.

विद्यार्थी मित्रहो, दहावी-बारावीनंतर तुम्हां सर्वांची अशा अर्जांशीं गांठ पडणार आहे. पूर्वीं फोटो डिंकानें चिकटवीत व सही अर्जावरच करीत. आतां अर्ज इंटरनेटवर भरतात व या दोन्ही वस्तूंच्या निरनिराळ्या फाइली तयार करून पाठवाव्या लागतात. त्यांचे नियम नुसते पाठ करण्यापेक्षां त्यांमागील कारण समजून घेतलें, तर चूक होण्याचा संभव कमी होतो.

उदाहरणार्थ, सरकारी बँकांसाठीं उमेदवारांची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही मुंबईची संस्था घ्या. तिच्या जाहिरातींतून फोटोचें माप २०० × २३० पिक्सेल व वजन २० ते ५० किलोबाइट, आणि सहीचें माप १४० × ६० पिक्सेल व वजन १० ते २० किलोबाइट असें दिलेलें आढळतें. इतर परीक्षांचीं मापें निराळीं असतात व तीं बदलतातहि. म्हणून ज्या परीक्षेचा अर्ज भरावयाचा, तिचीच त्या वर्षाची माहितीपत्रिका आधीं वाचावी.

पिक्सेल म्हणजे काय? अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढतात, तसेंच मोबाइलचें चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. आडवे २०० व उभे २३० ठिपके म्हणजे एकूण ४६,००० ठिपके झाले. उलट ४००० × ३००० मापाचा फोटो मोबाइलनें काढला, तर त्यांत १ कोटी २० लक्ष ठिपके असतात. म्हणजे मूळ चित्र पुष्कळच लहान करावें लागतें. प्रत्येक ठिपक्याचा तांबडा, हिरवा व निळा अंश नोंदविण्यास साधारणतः तीन बाइट लागतात. या हिशेबानें ४६,००० ठिपक्यांस १,३८,००० बाइट, म्हणजे सुमारें १३५ किलोबाइट जागा हवी. मग तीं ५० किलोबाइटांत कशीं बसतात? तें काम जेपीजी ही पद्धति करते. हिचें प्रमाण १९९२ सालीं ठरलें. चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारीक फरक ती गाळून टाकते. मात्र वजन फारच उतरविलें तर तेच चौकोन चेहऱ्यावर उमटतात आणि नाकडोळे ओळखूं येत नाहींत. वजनास वरची मर्यादा असते तशी खालचीहि कां असते, हें यावरून ध्यानांत येईल.

जेपीजी फाइल बदल करून पुनः पुनः साठविली, तर प्रत्येक वेळीं थोडा तपशील नाहींसा होतो. याकरितां मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवावा व दरवेळीं त्याचीच नवी नक्कल करून ती लहान करावी. व्हॉट्सॲपवरून फोटो सामान्य रीतीनें पाठविला असतांहि तो आवळला जातो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. फाइलीच्या नांवाचें शेपूट बदलून तेथें 'जेपीजी' असें लिहिल्यानें तिचा प्रकार बदलत नाहीं, हेंहि लक्षांत असूं द्यावें.

आतां फोटोविषयीं. पांढऱ्या किंवा फिकट भिंतीपुढें, दिवसाच्या उजेडांत, तोंडावर सांवली पडणार नाहीं असें उभें राहावें. मान सरळ व नजर कॅमेऱ्याकडे असावी. काळा चष्मा व टोपी नको. नेहमींच्या चष्म्याच्या कांचेवर चकाकी येऊं देऊं नये. नंतर चित्र प्रथम योग्य प्रमाणांत कातरावें व मगच लहान करावें. न कातरतां नुसतें ताणून मापांत बसविलें, तर चेहरा चपटा किंवा लांबट होतो. परीक्षेच्या दिवशीं दाराशीं असलेला मनुष्य तुम्हांस ओळखत नसतो. त्याच्यापाशीं असतो तो हाच फोटो. म्हणून त्याच फोटोच्या कांहीं छापील प्रतीहि जवळ ठेवाव्या. कांहीं परीक्षांत अर्ज भरतांनाच कॅमेऱ्यापुढें बसून फोटो काढवून घ्यावा लागतो. तेथेंहि उजेड व भिंत यांविषयींचे हेच नियम उपयोगीं पडतात.

सहीच्या बाबतींत अधिक चुका होतात. आमच्या त्या विद्यार्थ्याचें काय झालें तें पाहा. पूर्ण कागदाचा फोटो काढून तोच लहान केला गेला. कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर व सही ५ सेंटिमीटर धरली, तर सबंध रुंदीस १४० ठिपके मिळतात तेव्हां सहीच्या वाट्यास जेमतेम ३३ येतात. एवढ्यांत अक्षर दिसणार कसें? यावर उपाय सोपा आहे. १४० व ६० यांचें प्रमाण ७ व ३ असें आहे. म्हणून कोऱ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनें ७ सेंटिमीटर लांब व ३ सेंटिमीटर उंच अशी फिकट चौकट आंखावी, ती बहुतेक भरेल अशी सही काळ्या शाईनें करावी, कागदाच्या अगदीं वरून सरळ फोटो घ्यावा आणि चौकटीच्या रेषांच्या किंचित् आंतून तो कातरावा. पेन्सिलीच्या रेषा आपोआप बाहेर राहतील. परीक्षेनें दुसरें माप दिलें असेल, तर चौकटहि त्याच प्रमाणांत आंखावी.

सही उमेदवारानेंच करावयाची असते; वडील भावानें किंवा दुकानदारानें नव्हे. इंग्रजी मोठ्या लिपींतील सुटीं अक्षरें आयबीपीएस सही म्हणून स्वीकारीत नाहीं. याचेंहि कारण आहे. परीक्षागृहांत हजेरीपत्रकावर तुम्ही सही कराल ती अर्जावरील सहीशीं ताडून पाहतात, आणि छापील वळणाचें अक्षर कोणासहि सहज काढतां येतें. तेव्हां आपली एक सही आजच निश्चित करा व ती वहीवर इतक्या वेळां गिरवा कीं, हात थरथरत असतांहि ती तशीच उमटेल.

शेवटीं फोटोच्या जागीं फोटो व सहीच्या जागीं सही गेली आहे ना, हें अर्ज दाखल करण्यापूर्वीं स्वतः डोळ्यांनीं पाहावें. अर्ज दुकानांतून भरला असेल, तर तेथील संगणकावरील आपल्या फाइली पुसून टाकण्यास सांगावें.

पालकांस एक विनंति. यांतील बहुतेक सर्व काम घरच्या मोबाइलवर, रविवारच्या एका सकाळीं, विनाखर्च होण्यासारखें आहे. आपणांस मोबाइलचें ज्ञान नसलें तरी चिंता नाहीं. मुलास मुदतीच्या दहा दिवस आधीं त्या कामास बसविणें एवढें आपल्या हातीं आहेच.

त्या विद्यार्थ्यानें पुढील अर्ज माझ्या टेबलापाशीं बसून स्वतः भरला. सही तीन वेळां काढली. तिसरी त्याच्या मनास आली. वडील शेजारीं उभे होते. त्यांना अक्षरओळख नाहीं. पडद्यावर मुलाची सही ठळक उमटली तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "आतां वाचतां येईल ना त्यांना?" मुलगा म्हणाला, "हो, बाबा."