गुडघ्याच्या वर पाय कापल्यावर खुब्याचे काम

गुडघ्याच्या वर पाय कापला की घोट्याचे स्नायू जातात, गुडघा हलवणाऱ्यांचे खालचे टोक तुटते. त्यांचे बरेचसे काम खुब्यावर येते. टाच टेकताच नितंबाचा मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्झिमस, मांडी मागे खेचतो. त्यामुळे साधा कृत्रिम गुडघा एकदम दुमडत नाही. पाऊल उचलताना खुब्यापुढचे स्नायू मांडी पुढे नेतात आणि कृत्रिम पाय तिच्यामागून झुलत येतो.

खरी अडचण तोलाची आहे. एका पायावर भार असताना ग्लुटियस मीडियस कंबर आडवी ठेवतो, पण त्यासाठी मांडीचे हाड स्थिर हवे. मांडी आत ओढणाऱ्या अ‍ॅडक्टर मॅग्नसचे टोक गुडघ्याजवळ जोडलेले असते. ते सुटले की उरलेले हाड सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, बाहेरच्या बाजूला सरकते, मीडियस आखूड होऊन त्याची ओढ कमी पडते आणि माणूस कृत्रिम पायाकडे धड झुकवून चालतो. म्हणूनच अ‍ॅडक्टर मॅग्नस हाडाला पुन्हा बांधण्याची शल्यचिकित्सक फ्रँक गॉटशाल्क यांची पद्धत मोलाची ठरली.

तासन् तास बसून राहिल्यास खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो. मग उत्तम कृत्रिम पायही अपुरा पडतो. ते टाळण्यासाठी रुग्णाला रोज काही वेळ पालथे झोपवतात.